नव्या महानगरात भाड्याचं घर: ऑफिसजवळ लहान की लांब मोठं?

तुमचा प्रश्न मी असा समजले, की पुढच्या महिन्यात नव्या महानगरात नोकरीवर रुजू व्हायचंय, सोबत बायको आणि चार वर्षांचा मुलगा, बायको तिथे गेल्यावर नोकरी शोधणार, शहरात ओळखीचं कोणी नाही, आणि आता ऑफिसजवळ लहान घर घ्यावं की तेवढ्याच भाड्यात लांब मोठं घ्यावं, मुळात कुठला एरिया बघावा हेच कळत नाहीये कारण दहा जण दहा एरिया सांगतायत. माझं बरीच वर्षं हेच काम आहे, नोकरीसाठी शहर बदलणाऱ्या कुटुंबांना घर शोधून द्यायचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी मत सांगून टाकते. तुमच्या केसमधे ऑफिसला चिकटून असलेलं लहान घर पण नको आणि लांबचं मोठं पण नको. शहरातल्या एखाद्या मोठ्या जंक्शनपासून, म्हणजे जिथून दोन-तीन दिशांना गाड्या जातात अशा ठिकाणापासून, चालत जाता येईल अशा अंतरावर साधंसं घर घ्या, आणि ते लवकर सोडता येईल अशा अटीवर घ्या. हे घर तुमचं कायमचं ठिकाण नाहीये, पहिलं वर्षभर शहर समजून घेता यावं म्हणून ते आहे, असं धरून चाललात तर अर्ध्या चिंता तिथेच कमी होतील.

कारण आज तुमच्या हातात पक्की गोष्ट एकच आहे, तुमच्या ऑफिसचा पत्ता. बायकोचं ऑफिस कुठे असेल माहीत नाही, मुलाला कुठल्या शाळेत ऍडमिशन मिळेल माहीत नाही, आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावं लागेल हे पण जॉईन झाल्यावरच कळतं, ऑफर लेटरमधे एक लिहिलेलं असतं आणि टीममधे वेगळंच चालतं. अशा वेळी जी एकच गोष्ट माहीत आहे तिच्यावर सगळं घर बेतलं की बाकीच्या सगळ्याची ओढाताण सुरू होते, आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी ज्याची नोकरी अजून लागायची आहे त्याच्या वाट्याला येते. मी हे इतक्या घरांमधे बघितलंय की आता मी पहिल्याच फोनला हा विषय काढते. एकाच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर घर घेतलं, मग दुसरी नोकरी बघताना ती त्या घरापासून तासाभराच्या आत पाहिजे, मुलाला आणायला वेळेत पोचता आलं पाहिजे, असं करत करत चांगल्या चांगल्या ऑफर सोडून दिल्या जातात. कोणी कोणाला अडवलेलं नसतं, घराचा पत्ता ठरला तेव्हाच ते ठरून गेलेलं असतं. म्हणून दोघांपैकी एकाची नोकरी ठरायची असेल तर घर ठरलेल्या ऑफिसच्या जवळ घेण्यापेक्षा जास्तीत जास्त ठिकाणी पोचता येईल असं घ्यायचं, हा माझा पहिला नियम.

आता असं ठिकाण शोधायचं कसं. शहरातले चार मोठे भाग आधी लिहून काढा जिथे बायकोच्या क्षेत्रातली ऑफिसं जास्त आहेत, हे नोकरीच्या जाहिरातींमधले पत्ते बघितले की तासाभरात कळतं. त्यात तुमचं ऑफिस मिळवा. मग जो एरिया मनात आहे त्यातला एक नेमका पत्ता घ्या, नुसतं एरियाचं नाव टाकू नका, आणि मॅपमधे तिथून या पाचही ठिकाणी पोचायला किती वेळ लागतो ते बघा. बघताना मंगळवार किंवा बुधवार निवडा आणि निघायच्या वेळेऐवजी पोचायची वेळ टाका, समजा सकाळी साडेनऊ. रविवारी दुपारी सोफ्यावर बसून मॅप बघितला तर तो रविवार दुपारचा वेळ दाखवणार, आणि लोक सर्रास असंच बघून घर फायनल करतात. पाच आकडे आले की त्यांची सरासरी काढू नका, सगळ्यात मोठा आकडा बघा. ज्या पत्त्याचा सगळ्यात वाईट आकडा पण सहन होण्यासारखा आहे तो पत्ता चांगला. प्रवासाच्या वेळेनुसार नकाशा बघायची ही पद्धत काही ऍपवाल्यांनी काढलेली नाही बरं का, १८८१ मधे फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा रंगीत नकाशा केला होता, समान वेळ लागणाऱ्या जागा एका रंगात. तुम्हाला तेच करायचंय, फक्त दिवसांच्या जागी मिनिटं.

जंक्शनजवळ म्हणजे अगदी स्टेशनला खेटून नको. तिथे आवाज आणि गर्दी दोन्ही असतं आणि भाडं पण सगळ्यात चढं. आठ ते बारा मिनिटं चालावं लागेल अशा गल्ल्या बघा, बऱ्याच शहरात भाडं तिथे जाणवण्याइतकं उतरतं. आणि एक गोष्ट आवर्जून तपासा, की त्या जागेवरून बाहेर पडायला दोन स्वतंत्र मार्ग आहेत का. एकच लाईन किंवा एकच पूल असेल तर तो ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी तुम्ही अडकलात. दुसरा मार्ग थोडा हळू असला तरी चालेल, पण असला पाहिजे.

वेळ मोजण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जाहिरातीत लिहिलेलं असतं "ऑफिस एरियापासून फक्त २५ मिनिटं". ते खोटं नसतं, गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत २५ च मिनिटं लागतात. पण तुमच्या घराचं दार ते तुमची खुर्ची असं मोजा. कुलूप लावून, लिफ्टची वाट बघून रस्त्यावर यायला ४ मिनिटं. स्टेशनपर्यंत चालत ११. जिना, गेट, प्लॅटफॉर्म मिळून ४. गाडीची वाट ५. गाडीत २५. उतरल्यावर गर्दीतून बाहेर पडायला ५. तिथून ऑफिसच्या बिल्डिंगपर्यंत ९. गेटवरची एंट्री आणि तिथली लिफ्ट ५. झाले ६८. म्हणजे जाऊन येऊन सव्वादोन तास, आणि पाच दिवस गेलात तर आठवड्याचे अकरा तासांच्या वर. जाहिरातीतल्या २५ मिनिटांवर हिशोब केला असता तर आठवड्याचे चार तास दहा मिनिटं आले असते. हा फरक घर बघताना कोणालाच दिसत नाही कारण आपण घर बघायला जातो तेव्हा ब्रोकर गाडीतून नेतो आणि दारात उतरवतो.

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञांनी १९९४ मधे, याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या कामाच्या आधाराने, असं मांडलं होतं की वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी माणसं सरासरीने दिवसाला साधारण तासभरच प्रवासात घालवतात, वाहनं वेगवान झाली की माणसं तेवढी लांब राहायला जातात पण तास तेवढाच राहतो. ही सरासरी आहे, एकेका माणसासाठी नियम नाही, पण माझा अनुभव याच्याशी बराच जुळतो. दारापासून दारापर्यंत एका बाजूने ४०-४५ मिनिटांपर्यंत लोक कुरकुरत नाहीत. तासाच्या पुढे गेलं की आधी सकाळचा व्यायाम बंद होतो, मग आठवड्यातलं भेटणं-बोलणं बंद होतं, आणि मग वर्ष संपायच्या आधी मला फोन येतो की जवळ काहीतरी बघा.

लांब राहून मोठं घर मिळतं आणि त्याने प्रवासाची भरपाई होते, हे गणित कागदावर बरोबर आहे. अर्थशास्त्रात विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मधे मांडलेला हिशोब असाच आहे, की शहराच्या मध्यापासून जसजसं लांब जावं तसतसं भाडं उतरतं आणि प्रवासाचा खर्च चढतो, आणि प्रत्येक जण आपल्यापुरता मेळ घालतो. पण जर्मनीतल्या आकडेवारीवर अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा जास्त प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी निघाले, म्हणजे स्वस्त किंवा मोठ्या घराने ती भरपाई पूर्ण होत नव्हती. २००४ मधे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसातलं एकेक काम करताना कसं वाटलं ते विचारलं होतं, त्यात बरं वाटणाऱ्या कामांच्या यादीत सकाळचा ऑफिसचा प्रवास अगदी तळाला होता. मला याचं कारण साधं वाटतं. मोठ्या हॉलची आठ दिवसांत सवय होते आणि मग तो दिसेनासा होतो, प्रवास मात्र रोज नव्याने करावा लागतो, आज गर्दी, उद्या उशीर, परवा पाऊस.

आणि खरं सांगू का, लोकांना लांबच्या प्रवासापेक्षा बेभरवशाच्या प्रवासाचा त्रास जास्त होतो. रोज ठरलेली ५० मिनिटं लागणारा माणूस आणि कधी ३० तर कधी ८० मिनिटं लागणारा माणूस, यात दुसऱ्याचे हाल जास्त, कारण त्याला रोज ८० धरूनच निघावं लागतं. बसचं बघा. दर १० मिनिटांनी अगदी वेळेवर येत असेल तर वेळापत्रक न बघता गेलात तरी सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्याच बसेस वाटेल तशा अंतराने येत असतील, एकापाठोपाठ दोन आणि मग बराच वेळ काहीच नाही, तर तीच सरासरी १० मिनिटांपर्यंत जाते. बस तेवढ्याच, कागदावर "दर दहा मिनिटांनी" तेच, पण तुमचं थांबणं दुप्पट. त्यामुळे स्टॉपवर किती नंबरच्या बसेस येतात हे मोजू नका, सकाळच्या वेळी तिथे अर्धा तास उभं राहून दोन बसमधे किती अंतर पडतं ते बघा. रात्रीची शेवटची गाडी कितीची आहे ते पण विचारा, ते फार कमी लोक विचारतात.

स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरी हेच. रस्त्यावर वाहनं वाढली की वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही, एका टप्प्यानंतर एकदम वाढतो. वाहतूक नियोजनात अमेरिकेतल्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सचं १९६४ चं एक सूत्र अजून वापरतात, त्यात रस्ता क्षमतेइतका भरला की मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त वेळ, आणि दीडपट भरला की सुमारे ७६ टक्के जास्त. म्हणून वीस मिनिटं लवकर निघाल्याने कधीकधी चाळीस मिनिटं वाचतात. तुमच्या ऑफिसची वेळ थोडी पुढेमागे करता येत असेल तर ते जॉईन व्हायच्या आधीच विचारून घ्या, घर कुठे घ्यायचं यावर त्याचा थेट परिणाम होतो.

भाडं किती असावं, तर उत्पन्नाच्या ३० टक्के असं सगळीकडे ऐकायला मिळतं. हा आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमातून रूढ झालाय, तिथे १९६९ मधे भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली आणि १९८१ मधे ती ३० केली गेली. म्हणजे तो गरजू कुटुंबांनी किती भाडं भरावं यासाठीचा नियम होता, तुम्ही कुठे राहावं यासाठीचा नाही, आणि त्यात प्रवासाचा खर्च धरलेलाच नाही. शिकागोतली सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था घर आणि प्रवास दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या आत असावं असं धरते, मला ही पद्धत जास्त पटते. आकडा थोडा इकडेतिकडे होईल पण बेरीज मात्र करायचीच. लांबच्या घरामुळे दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल तर तिचा हप्ता, इंधन, इन्शुरन्स, पार्किंग हे सगळं भाड्यात मिळवून मग तुलना करा. बऱ्याचदा जे घर स्वस्त म्हणून घेतलं जातं ते या बेरजेत स्वस्त राहत नाही.

घराच्या आकाराबद्दल एवढंच, की पहिल्या घरात खोल्या किती यापेक्षा बंद होणारं एक जास्तीचं दार आहे का ते बघा. घरून काम असेल, बायकोचे ऑनलाईन इंटरव्ह्यू असतील, चार वर्षांचं मूल घरात असेल, तर एक छोटी खोली जिचं दार नीट बंद होतं ती मोठ्या हॉलपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते. सामान कमी न्या, हे सगळेच सांगतात, ते खरंच आहे.

मुलाचं पाळणाघर किंवा शाळा घराजवळ बघा, ऑफिसजवळ नको. ऑफिसजवळ असलं की मुलाला गर्दीच्या वेळी रोज तुमच्याबरोबर प्रवास, आणि तुम्ही आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर दुसऱ्याला आणायला जाणं अवघड. हिशोब उलटा करायचा. पाळणाघर समजा साडेसहाला बंद होतं आणि ऑफिसमधून पावणेसहाच्या आधी निघणं जमत नाही, तर तुमच्याकडे ४५ मिनिटं आहेत, तीही दारापासून दारापर्यंतची, आणि त्यातली दहा उशिरासाठी बाजूला ठेवली की ३५ उरली. दोघांपैकी निदान एकाला त्या ३५ मिनिटांत रोज पोचता येईल असा पत्ता पाहिजे. या एका गणिताने नकाशावरचे निम्मे एरिया आपोआप गळतात आणि निवड सोपी होते. शाळांची ऍडमिशन कधी सुरू होते, पत्त्याचा पुरावा लागतो का, तो किती जुना लागतो हे आधी फोन करून विचारा, कारण काही शहरांत पत्त्यावरूनच शाळा ठरते आणि मग जंक्शनचा माझा सल्ला सुद्धा दुसऱ्या नंबरवर जातो.

आता ते दहा जण आणि त्यांचे दहा एरिया. प्रत्येक जण स्वतःचं आयुष्य सांगत असतो. ज्याला मूल नाही तो सांगतो इथे राहा, खूप मजा आहे, ज्याचं स्वतःचं घर तिथे आहे तो सांगतो हाच एरिया वाढणार आहे, पण तुम्ही भाड्याने राहणार आहात, एरिया दहा वर्षांनी वाढला तर तुम्हाला काय उपयोग. "एरिया कसा आहे" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "छान आहे" असंच येतं. विचारा की तुम्ही घरातून किती वाजता निघता, ऑफिसला किती वाजता पोचता, काल कसे गेलात, रात्री उशीर झाला तर कसे येता, पाणी किंवा लाईट शेवटचं कधी गेलं होतं. कालचं आणि शेवटचं विचारलं की माणूस मत सांगायच्या ऐवजी घडलेलं सांगतो. आणि घर सोडून जाणारा भाडेकरू भेटला तर त्याला एकच प्रश्न, का सोडताय. बऱ्याच वेळा उत्तर साधं असतं, बदली झाली, घर घेतलं. पण उत्तर द्यायच्या आधी तो मालकाकडे बघतो का ते बघा, आणि बघितलं तर खाली जाताना जिन्यात पुन्हा विचारा.

घर प्रत्यक्ष बघायला दोनदा जा, एकदा कामाच्या दिवशी सकाळी निघायच्या वेळेला आणि एकदा रात्री नऊनंतर. रात्री गेलात की बेडरूममधे जा, खिडक्या बंद करा, सगळ्यांना गप्प राहायला सांगा आणि दोन मिनिटं नुसते उभे राहा. मालक बोलत राहतो, ब्रोकर बोलत राहतो, आणि त्यांच्या बोलण्यात रस्त्याचा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून हे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मधे दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमधे रात्रीचा रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय, तो आकडा घराबाहेरचा, वर्षभराच्या सरासरीचा आहे, त्यामुळे फोनच्या ऍपने खिडकीतून एकदा मोजून नेमका निकाल लागणार नाही, पण दोन-तीन घरं एकाच ऍपने मोजलीत तर तुलना नक्की करता येते. सकाळी गेलात की बाथरूमचा नळ आणि किचनचा नळ एकदम सोडून धार बघा. सगळ्यात आतल्या खोलीतून एक फोन लावा, नेटवर्क कळेल. भिंतीच्या एकाच चौकोनाला ताजा रंग आणि बाकी भिंत जुनी असेल तर त्या चौकोनाला हात लावून ओल बघा, आणि बंद कपाट उघडून आत वास घ्या, रंगाने ओल झाकली जाते पण बंद कपाटातला कुबट वास जात नाही. तळमजल्यावर किंवा पार्किंगमधे भिंतीवर एका उंचीवर आडवी मळकी रेघ दिसली, किंवा विजेचे मीटर मुद्दाम वर उचलून बसवलेले दिसले, तर तिथे पाणी शिरतं का ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

आणि स्टेशन ते घर हा रस्ता अंधार पडल्यावर स्वतः चाला, शक्य असेल तर बायकोसोबत, आणि तिचं मत तुमच्या मतापेक्षा जास्त धरा. तुम्हाला ठीक वाटलेला रस्ता तिला रात्री आठ वाजता एकटीने चालायचाय. मुलगा बरोबर असेल तर अकरा मिनिटांचे वीस होतात हे पण तेव्हाच कळेल. रस्त्यावर दुकानं उघडी आहेत का, खिडक्यांमधे लाईट आहेत का, लोक येताजाताना दिसतायत का, हे मी कुठल्याही सुरक्षेच्या आकडेवारीपेक्षा जास्त मानते.

ओळखीचं कोणी नाही म्हणालात, त्याबद्दल एक. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वेस्टगेट नावाच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो १९५० मधे प्रसिद्ध झाला. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे बघितलं तेव्हा स्वभाव-आवडीनिवडींपेक्षा दार किती जवळ आहे, जाता-येता गाठ पडते का, यावर ती फार अवलंबून होती. शेजारच्या दारातले आणि जिन्याजवळचे लोक आपोआप ओळखीचे झाले. म्हणून घर बघताना हे पण बघा की त्या बिल्डिंगमधे लोक एकमेकांना कुठे भेटतात, खाली बसायला जागा आहे का, मुलं कुठे खेळतात, संध्याकाळी सातला तिथे कोणी असतं का. जी व्यक्ती दिवसभर घरी असणार आहे, सुरुवातीला तुमची बायको आणि मुलगा, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाहीये. तुम्हाला ऑफिसमधे पहिल्या दिवसापासून माणसं मिळतात, तिला मिळवावी लागतात. सुंदर बिल्डिंग, पण प्रत्येक जण पार्किंगमधून थेट लिफ्टने वर, अशा ठिकाणी नवीन कुटुंब फार एकटं पडतं, माझ्याकडे परत येणाऱ्यांमधे हे कारण प्रवासाच्या खालोखाल आहे.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकी तपासल्याशिवाय टोकन म्हणून सुद्धा काही देऊ नका, "अजून तीन पार्ट्या तयार आहेत" असं म्हणाले तरी नाही. भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा खूपच कमी असेल आणि मालक परगावी असल्याने चावी कुरिअरने पाठवतो म्हणत असेल तर तिथेच थांबा, जाहिरातीतले फोटो इमेज सर्चला टाकले तर बऱ्याचदा ते दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच घराचे निघतात. भाडेकरूंचे कायदे जागेप्रमाणे बदलतात त्यामुळे डिपॉझिट आणि रजिस्ट्रेशनचे नियम तिथल्या माणसाकडून समजून घ्या. पण कुठेही असलात तरी ऍग्रीमेंटमधल्या चार ओळी स्वतः वाचा: लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर डिपॉझिटमधून काय कापणार, आणि वर्षाने भाडं किती वाढणार. तुमच्यासाठी यातल्या पहिल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या. भाडं थोडं जास्त मागून लॉक-इन कमी करायला मालक तयार असेल तर मी तुमच्या जागी ते घेईन, कारण बायकोची नोकरी लागली की तुम्हाला हलायची मोकळीक हवी आहे आणि त्या मोकळिकीला किंमत आहे. राहायला जायच्या दिवशी रिकाम्या घराचा, नळ, भिंती, पंखे, सगळ्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला मेसेजवर पाठवून ठेवा, सोडताना वाद होत नाही.

महिनाच हातात आहे तर असं करा. जमलं तर तुम्ही पंधरा दिवस आधी एकटे जा, कंपनी राहायची सोय देत असेल तर ती ऑफिसशेजारच्या हॉटेलात न मागता तुम्ही निवडलेल्या जंक्शनजवळ मागा, आणि तिथून रोज ऑफिसला जाऊन बघा. एक आठवडा एका जंक्शनजवळ, दुसरा दुसऱ्या, म्हणजे दोन्हीचे खरे आकडे हातात येतील. शेवटच्या दोन-तीन घरांवर आलात की बायकोला प्रत्यक्ष बोलवा, व्हिडिओ कॉलवर घर दाखवून फायनल करू नका, व्हिडिओत खोली मोठी दिसते आणि आवाज-वास कळत नाही. पुढे तिची नोकरी ठरली की ते पाच ठिकाणांचं कोष्टक परत काढा, या वेळी अंदाजाच्या जागी दोन ऑफिसं आणि एक शाळा असे खरे पत्ते टाका, आणि मग सावकाश मोठं घर बघायला लागा, तेव्हा लांबचं बघायला पण माझी हरकत नाही, फक्त दारापासून दारापर्यंत मोजून.